एक जण बघतोय

वेबकॅमची वायर तोकडी पडली, म्हणून यंदा चिंचणीच्या विश्राम चुरींनी गणपतीची जागा बदलली. देव आजवर माजघरात बसत आला होता. पण कॉम्प्युटर होता पडवीतल्या खोलीत, नारळांच्या पोत्यांशेजारी, आणि तिथून माजघरापर्यंत वायर पोचेना. कॉम्प्युटर हलवायचा तर त्याच्या पाठीमागचा गुंता सोडवावा लागणार, आणि सुटलेला गुंता परत जोडणार कोण, हे तो कॉम्प्युटर विकत आणणाऱ्या थोरल्या मनीषलाही ठाऊक नव्हतं. त्या मानाने देव हलवणं सोपं. त्याच्या पाठीमागे वायर नसते.

"इतक्या वर्षांची जागा मोडलीत तुमी," मखर उचलता उचलता मंदाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"मोडली कुठं? घर तेच हाय, देव तोच हाय."

"देवाला इचारलं?"

"बसला की इचारतो. आधी बसू दे."

पोती ओट्यावर गेली, मखर पडवीत आलं. भिंतीवर कीटकनाशकाचं कॅलेंडर होतं, त्यावरची मेलेली अळी देवाच्या डोक्यावर दिसायला लागली, म्हणून ते उलटं टांगलं.

लाईव्हचं खूळ विश्रामरावांचंच. "आपली माणसं लांब लांब पांगलीत, त्यांना घरबसल्या दर्शन व्हावं," असं ते गावात सांगत होते. लांब म्हणजे कुवेतला एक भाचा होता, आणि त्याने आजवर मामाला साधा दिवाळीचा नमस्कार धाडला नव्हता. खरं लांबचं माणूस बोईसरला राहत होतं. चिंचणीहून शेअर रिक्षाने निघालं तर जाऊन येऊन दुपारच्या जेवणाला घरी पोचता येतं, इतकं लांब.

ते माणूस म्हणजे धाकटा मुलगा धीरज. बोईसरच्या एका केमिकल कंपनीत कामाला, बायको रूपलसह भाड्याच्या खोलीत. गेल्या वर्षी ह्याच गणपतीत, पंगत बसलेली असताना त्याने विहिरीकडच्या वाडीचा विषय काढला. आपल्या वाटणीचं काय, एवढंच विचारलं. विश्रामराव हातात वरणाचा डाव घेऊन उभे होते. ते म्हणाले, "कंपनीत पिंपं ढकलणाऱ्याला वाडी कशाला? पिंपात माड लावणार काय?" पंगत हसली. हसणाऱ्यांत मनीषचा आवाज जरा जास्तच होता. धीरज ताटावरून उठला, त्याने हात धुतला, बायकोला हाक मारली आणि गेला. वर्षभरात तो उंबऱ्याला शिवला नाही.

बापानेही बोलावलं नाही. बोलावणं म्हणजे आपलं चुकलं असं म्हणणं, आणि विश्रामरावांनी दुसऱ्यांच्या चुका इतक्या काटेकोरपणे जमेस धरल्या होत्या की स्वतःच्या चुकांना जागा उरली नव्हती. एक फोन केला असता तर भागलं असतं. पण फोनवर तोंड उघडावं लागतं. लाईव्हमध्ये आपण आपली पूजा करायची, बघणाऱ्याने बघावं. कुणी कुणाला बोलावलेलं नसतं, आणि आलेला माणूसही आलेला नसतो.

"सगळ्यांना लिंक धाडलीस?" विश्रामरावांनी मनीषला विचारलं.

"धाडली."

"सगळ्यांना?"

"फॅमिली ग्रुपवर टाकली, बाबा. सगळे हायत तिथं."

धीरजने तो ग्रुप गेल्याच वर्षी, रिक्षात बसल्या बसल्या सोडला होता. मनीषला ते पक्कं ठाऊक होतं. पण तो खोटं बोलला नाही. व्यवहारात मनीष कधी खोटं बोलत नसे. नारळ भरताना तो पिचके नारळ तळाला घालायचा, पण आकडा बरोबर सांगायचा.

विहिरीकडच्या वाडीत त्याने याच उन्हाळ्यात ठिबकच्या नळ्या टाकल्या होत्या, हे इथेच सांगितलेलं बरं.

पहिल्यांदा लाईव्ह करणाऱ्याला परवानगीसाठी एक दिवस थांबवून ठेवतात. म्हणून मनीषने हरतालिकेच्या सकाळीच बटण दाबलं होतं. बँकेत टाकलेल्या चेकसारखं ते दुसऱ्या दिवशी वटलं. चतुर्थीच्या सकाळी त्याने लाईव्ह चालू केलं, आणि खरंच दिसतंय की नाही हे बघायला घरातल्या जुन्या मोबाईलवर लिंक उघडून तो मोबाईल स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला.

"आई, ह्यात आपला गणपती दिसत राहील. बंद पडला तर हाक मार."

मंदाबाई मोदकांची उकड मळत होत्या. त्यांनी मोबाईलकडे पाहिलं, मग दारातून पडवीकडे पाहिलं. "तुझे बाबा तिकडं बसले पण. ह्यात अजून उभेच हायत."

"थोडं मागनं येतं ते."

"म्हंजे शिळं हाय. मग लाईव्ह कशाला म्हणतात?"

"आणि हे बघ, हा चालू हाय म्हणून तिकडं कॉम्प्युटरवर एक आकडा दाखवतो. एक जण बघतोय म्हणून. मग दुसरे लोक आले की दोन, तीन, असा वाढत जातो."

"दुसरे कोण येणार? आज ज्याच्या त्याच्या घरी ज्याचा त्याचा गणपती."

मनीषचाही हिशेब तोच होता.

भटजी मोटरसायकलवरून आले. त्यांना वाणगावपर्यंतचे गणपती बसवायचे होते, त्यामुळे हेल्मेट काढता काढताच ते संकल्पाला लागले. प्राणप्रतिष्ठा झाली. ओट्यावर आणि खिडकीशी शेजारपाजार जमला. त्यात पलीकडच्या घरचा नामदेव होता. तो धीरजच्याच कंपनीत दुपारच्या पाळीला होता आणि पूजा उरकून त्याला शिफ्टची बस पकडायची होती. त्याने देवाला हात जोडले आणि मग सवयीने स्क्रीनकडे पाहिलं.

"विश्रामकाका, यंदा उजव्या सोंडेचा आणलात?"

भटजींचा मंत्र जागीच थांबला. सगळ्यांनी मूर्तीकडे पाहिलं, सोंड डावीकडे. सगळ्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, सोंड उजवीकडे.

"आरशासारखं दिसतंय ते," मनीष म्हणाला. "कॅमेऱ्याचं असतं तसं."

"असतं म्हणजे?" भटजी घाबरले. उजव्या सोंडेचं सोवळं कडक. आणि इथे यजमानांच्या मांडीशी पेट्रोलचा वास मारणारं त्यांचं स्वतःचं उपरणं. "अहो, बघणारे काय म्हणतील? मी उजव्या सोंडेचा गणपती पडवीत, पोत्यांच्या जागी बसवला म्हणतील! मला गावात पुढं कोणी बोलावणार नाही. सरळ करा तो."

"कॅमेऱ्याला सरळ करतो."

"मी देवाला कुठं म्हणतोय?"

मनीष सेटिंगमध्ये शिरला. तिथे बरीच बटणं होती आणि कशावर काय लिहिलंय याच्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता. त्याने एक दाबलं, सगळे हिरवे झाले. दुसरं दाबलं, भटजी उलटे झाले. तिसरं दाबलं, काहीच झालं नाही. चौथ्याला सोंड डावीकडे आली आणि खिडकीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. काहीच न झालेलं तिसरं बटण आवाजाचं होतं. त्याने आवाज बंद झाला होता. हे पडवीत कोणाला कळलं नाही. स्वयंपाकघरात मात्र मोबाईलमधले भटजी एकदम मुके झाले, आणि मंदाबाईंनी हाक काही मारली नाही. बंद पडला तर हाक मार, असं सांगितलं होतं. मोबाईल चालू होता.

"काका, हे बघा," नामदेवने कोपऱ्यातला आकडा दाखवला. "एक जण बघतोय."

विश्रामरावांच्या हातातली पळी थांबली. "कोण?"

"नाव येत नाय. नुसता आकडा."

"आकडा पुरे," विश्रामराव म्हणाले. त्यांनी सोवळं नीट केलं आणि पाठ ताठ करून बसले.

खिडकीत कुजबुज सुरू झाली. कुवेतवाला कशाला बघतोय, तो तर झोपला असंल. दुसरं कोण? धीरज. धीरजच. पोराने बघितलं हो शेवटी. रक्ताचं हाय. कुजबुज ओट्यावरून अंगणात गेली आणि अंगणातून खात्री होऊन परत आली. मनीषला वाटलं, सांगावं की तो एक म्हणजे आपला तांदळाच्या डब्याशेजारचा मोबाईल. पण मग लाईव्ह बघायला जगात एकही माणूस आलेला नाही हेही सांगावं लागलं असतं, आणि लाईव्ह त्याने लावलं होतं. बायको अर्चनाने त्याला कोपराने ढोसलं. "खरंच भावजी हायत?"

"नाय गो."

"मग सांगा ना."

"नंतर सांगतो."

पंचामृताला मध नव्हता. बायकांचे हात मोदकांत होते. विश्रामराव पाटावरून उठायला लागले तसे भटजी म्हणाले, "यजमानांनी आसन सोडायचं नसतं."

"मध नसला तर चालतं?"

"नाही."

"मग सोडायचं असतं."

ते आत गेले ते जरा वेळाने बाहेर आले, आणि मध न घेता आले. मागून मंदाबाई मधाची बाटली घेऊन आल्या. भटजींनी घड्याळ बघितलं आणि मंत्रांचा वेग वाढवला.

आरती झाली. कापूर फिरला. लोक प्रसादासाठी हात पुढे करणार, तेवढ्यात विश्रामराव उभे राहिले आणि त्यांनी देवाकडे पाठ केली.

"विश्रामराव, पाठ झाली देवाकडे," भटजी म्हणाले.

"देवाला माझं तोंड ठाऊक हाय, भटजी. ज्याला दाखवायचंय त्याला दाखवतो." ते कॅमेऱ्यासमोर हात जोडून उभे राहिले. "सगळे हायत तर बोलतो. मागल्या वर्षी पंगतीत माझ्या तोंडातनं एक शब्द गेला."

बाप चूक कबूल करतोय हे मनीषने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, आणि पुढे काय येणार हे त्याच्या तेव्हाच ध्यानात आलं. माउसपर्यंत त्याचा हात पोचत होता. पण लाईव्ह बंद केलं तर गावासमोर बंद करणारा मनीष ठरणार. त्यापेक्षा तो आकडा आपसूक शून्य झाला तर? नेटवर्क गेलं म्हणता येतं. बंद करणाऱ्याला नाव असतं, शून्याला नसतं. बघणारा गेला की बापाचं बोलणंही थांबेल. तो लोकांतून वाट काढत स्वयंपाकघरात धावला.

तांदळाच्या डब्याशेजारी मोबाईल नव्हता.

"आई, मोबाईल कुठं हाय?"

"कुठला?"

"इथं ठेवलेला तो!"

"माझे हात पिठाचे. मी मोबाईलला कशाला शिवू?" मंदाबाईंनी मोदकाच्या कळ्या काढता काढता वर पाहिलंसुद्धा नाही. "बघ तिकडं फळीवर. नायतर न्हाणीघरात ऱ्हायला असंल."

मनीषने फळी बघितली, फ्रीज उघडून बघितला, न्हाणीघर बघितलं. मोबाईल स्वयंपाकाच्या ओट्याच्या कोपऱ्यात, पिठीच्या मोठ्या डब्यामागे, चार्जरला लावलेला होता. त्याच्यात विश्रामराव मुक्याने हात जोडत होते. मनीष डब्याला हात लावणार, तोच त्याची आई म्हणाली, "सोवळ्यातलं हाय ते. लांब हो." तो लांब झाला. चिंचणीत माणूस भावाचा वाटा खाईल, पण चतुर्थीला आईच्या सोवळ्याला शिवणार नाही.

पडवीतून बापाचा आवाज आला, घर ओलांडून अंगणापर्यंत जाईल असा. "विहिरीकडची वाडी धाकट्याची. देवासमोर बोलतो. सगळ्यांनी ऐका."

सगळ्यांनी ऐकलं. बोलायचं झाल्यावर विश्रामरावांनी स्क्रीनकडे बोट केलं. "आणि तोही ऐकतोय. बघा. एकाचा एकच हाय, हलला नाय."

अर्चना पडवीतून आत आली. तिने नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ठिबकच्या सगळ्या नळ्या एकदम तुंबाव्यात.

भटजी गेले, लोक पांगले, आणि मनीषने पहिलं काम केलं ते लाईव्हचं रेकॉर्डिंग काढून टाकायचं. कायमचं काढू का, असं कॉम्प्युटरने विचारलं. मनीषने इतकं मनापासून हो कधी कशाला म्हटलं नव्हतं. पुरावाच नाही तर कसली वाडी? धीरजपर्यंत हे जातंय कशाला?

"काढलंस?" दारातून मंदाबाईंनी विचारलं.

"काय?"

"तेच. उगाच काढलंस. त्यात आवाजच नव्हता. सोंड सरळ केलीस तवापासनं सगळे मुके होते."

मनीष खुर्चीत मागे टेकला. "मग तू सांगितलं का नाय?"

"तू इचारलंस कुठं?"

तिकडे नामदेव शिफ्टच्या बसने बोईसरला पोचला होता. केमिकल कंपनीत मोबाईल आत नेता येत नाही. गेटवरच्या खोक्यात जमा करावा लागतो. विश्रामरावांच्या कॅमेऱ्यासमोर पूजा चालली होती तेव्हा धीरजचा मोबाईल सकाळपासून त्या खोक्यात पडून होता, आणि धीरज आत पिंपं ढकलत होता. पाळी बदलताना गेटवर दोघांची गाठ पडली. नामदेवच्या डोक्यावर कंपनीचं हेल्मेट अजून चढायचं होतं. त्याने वेळ न दवडता सांगितलं, "वाडी मिळाली बघ तुला! तुझा बाप तुझ्याकडं बघून बोलला. तू बघत होतास ना?"

धीरजने खोक्यातून मोबाईल उचलला. त्यात कसलीही लिंक नव्हती.

"व्हय," तो म्हणाला. "बघत होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी धीरज आणि रूपल शेअर रिक्षातून घरासमोर उतरले. विश्रामराव ओट्यावर नारळाच्या पोत्यावर बसले होते. ते उठले नाहीत, पण पोतं त्यांच्याखाली सरकलं.

"आलास?"

"आलो, बाबा." धीरजने वाकून नमस्कार केला. मग आत जाऊन देवाला केला. देव पडवीत बघून तो जरा गोंधळला, पण बोलला काही नाही. बघणाऱ्याला ते ठाऊक असायला हवं होतं.

"काल नीट दिसलं?" विश्रामरावांनी विचारलं.

"एकदम."

"आवाज?"

"खणखणीत. तुमचा शब्दन् शब्द."

मनीष दारात उभा होता. धीरजने त्याच्याकडे पाहिलं, त्याने धीरजकडे पाहिलं. एकाने लिंक धाडली नव्हती, दुसऱ्याने काही बघितलं नव्हतं. दोघांपैकी ज्याने आधी तोंड उघडलं असतं, तो बुडाला असता. बरोबरीत सुटलं. मंदाबाई आत पाण्याला गेल्या. विश्रामरावांनी नुसती मान हलवली.

"दुपारी विसर्जन हाय. जेवून जा. पान मांडलंय तुझं."

"नाय जमत, बाबा. सकाळची पाळी बदलून दुपारची घेतलीय. त्यासाठी एकाच्या पाया पडलो." धीरजने घड्याळ बघितलं. "सोमवारी मात्र पूर्ण सुट्टी हाय. तलाठ्याकडं सोमवारी जाऊया का?"

विश्रामरावांनी खालचं सरकलेलं पोतं नीट केलं. "जाऊ."

"कागदं दादाकडं हायत ना?"

"असतील."

"मम्मी, मोदक डब्यातच द्या," रूपल आत वळून म्हणाली. "रिक्षात खातील ते."

मंदाबाईंनी ताटातले मोदक डब्यात भरले. ताट तसंच उरलं. रिक्षा वळली तेव्हा धीरजने हात हलवला, आणि तो ओट्याकडे की त्यापलीकडच्या विहिरीकडे, हे धुळीत नीट दिसलं नाही.

दुपारी किनाऱ्यावर विसर्जन झालं. पाट पाण्यातून रिकामा घरी आला. दिवेलागणीला मनीष पडवीत वेबकॅमची वायर काढू लागला, तर पोत्यावरून विश्रामरावांचा आवाज आला.

"ऱ्हाऊ दे. लाव जरा."

"आता काय लावायचं, बाबा? गणपती गेले."

"लाव म्हणतो ना."

मनीषने लावलं. स्क्रीनवर रिकामं मखर आलं, उलटं कॅलेंडर आलं, आणि पाटासमोर येऊन बसलेला म्हातारा आला. कोपऱ्यात शून्य होतं. विश्रामराव त्या शून्याकडे बघत बसले. मनीषला वाटलं, आता तरी बापाला खरं सांगावं. वाडी गेली ती गेली, निदान कोणी बघत नव्हतं एवढं तरी त्याच्या पदरात पडू दे. त्याने घसा साफ केला.

तेवढ्यात शून्याचा एक झाला.

विश्रामरावांनी मान वळवली नाही. "मंदा," त्यांनी तिथूनच आत हाक मारली, "मोबाईल चार्जरला लाव गो. काल मी मधाला आलो तवाच बॅटरी लाल झालेली. मी लावला म्हणून टिकला."

आत पिठीचा डबा सरकला. आकडा एकावरच राहिला.